गावात समतेचा जलसा कसा भरवायचा: चिंचोक्यांच्या नकाशापासून ग्रामसभेच्या ठरावापर्यंत

विदर्भातल्या खेड्यांना कार्यक्रमांचा तोटा नाही. भागवत सप्ताह असतो, भंडारा असतो, तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी असते, १४ एप्रिलला मिरवणूक निघते, आणि पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत तर दिवाळी ते होळी नाटकांचा हंगामच. पण यातले बहुतेक कार्यक्रम ज्याचे त्याचे असतात. सप्ताहाच्या काल्याला खालच्या पुऱ्यातले, म्हणजे वस्तीतले लोक शेवटच्या पंगतीला दिसतात, आणि जयंतीच्या मिरवणुकीला वरची आळी दार लोटून टीव्ही पाहत बसते.

मी ज्या जलशाबद्दल लिहितो आहे तो सगळ्या पुऱ्यांनी मिळून उभा करायचा एक दिवस आणि एक संध्याकाळ. त्यात गाणं आहे, गंमत म्हणजे छोटं लोकनाट्य आहे, जेवण आहे, आणि शेवटी जातीपायी अडून राहिलेलं गावातलं एक काम पुढे न्यायचं सगळ्यांसमोर ठरतं. माझं मत आधीच सांगून टाकतो: काम ठरल्याशिवाय गाणं ठरवू नका. आधी मंडप, मग कलाकार, मग पाहुणे आणि शेवटी 'विषय काय ठेवायचा' अशा उलट्या क्रमाने गेलात, तर टाळ्या मिळतात आणि दुसऱ्या दिवशी गाव जिथल्या तिथे असतं.

ही रीत काही आज निघालेली नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला. पुढे सत्यशोधक जलशांनी तमाशाचाच साचा उचलला आणि त्यात शेतकऱ्याचं दुखणं भरलं. त्याच वाटेवर नंतर आंबेडकरी जलसे उभे राहिले. जात आणि कातडीच्या रंगावरचा भेद ही एकाच कुळीची दुखणी आहेत हेही जोतीरावांनी तेव्हाच ओळखलं होतं. गुलामीवरचं आपलं पुस्तक त्यांनी अमेरिकेत काळ्या गुलामांच्या सुटकेसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केलं. आणि आपल्या इकडे अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला प्रश्न विचारायचे. तुकडोजी महाराजांची खंजिरी आपल्या गावोगावी पोचली. १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात सगळ्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ उभी राहिली, पंजाबराव देशमुख त्यात होते. म्हणजे साहित्य सगळं आपल्या घरात आहे, फक्त ते एका सुतात ओवायचं आहे.

पहिली बैठक आणि पहिला चहा

नऊ ते अकरा माणसं पुरतात. प्रत्येक पुऱ्यातून, टोल्यातून, तांड्यातून, पारध्यांचा बेडा असेल तर बेड्यातून दोघं तरी हवीत आणि निम्म्या बाया हव्यात. आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांना घरोघरचं ठाऊक असतं, त्यांना अगोदर गाठा. सरपंचाला सांगा, बोलवा, पण अध्यक्ष करू नका. अध्यक्षच ठेवू नका. प्रत्येक बैठक वेगळ्या माणसाने चालवायची आणि दुसऱ्याने वहीत लिहायची.

वेळ रात्री साडेआठची. निंदणाला किंवा कापूस वेचायला गेलेली बाई सहाला घरी येते, मग चूल पेटवते. सहाची बैठक ठेवणं म्हणजे तिला येऊ नको म्हणणं. बसायला सतरंजी, खुर्च्या नकोत. चार खुर्च्या आल्या की त्या कोणाला द्यायच्या हा प्रश्न आला, आणि गावाला त्याचं उत्तर तोंडपाठ असतं.

पहिल्या बैठकीचा चहा ज्या घरचं पाणी गाव सहसा पीत नाही, त्या घरी होऊ द्या. आधी गाजावाजा नको. कोणी 'मी चहा सोडला' म्हणेल, कोणी कप हातात धरून गप्पा मारत बसेल. बघा आणि गप्प राहा. ज्याला चहा जमत नाही तो पुढच्या कामात तुमच्यासोबत टिकणार नाही, आणि हे कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. बरेच जण दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीला चहा पितात, त्यांना तेवढा अवधी द्या.

गावाचा नकाशा: घाई करू नका

रांगोळी, कोळसा आणि पिशवीभर चिंचोके एवढंच सामान. संध्याकाळी एका पुऱ्यात जायचं, ओट्यासमोरची जागा झाडायची आणि बायांना म्हणायचं, 'बाई, तुमचं गाव काढून दाखवा.' आधी कोणी पुढे येत नाही. मग शाळेतली एखादी पोरगी रस्त्याची रेघ ओढते, तिची आजी म्हणते, 'अवं, तो रस्ता तसा नाई जात,' आणि पाहता पाहता सगळ्याजणी खाली वाकलेल्या असतात. विहीर, हातपंप, पाण्याची टाकी, गिरणी, रेशन दुकान, अंगणवाडी, देऊळ, विहार, दर्गा, चहाची टपरी, नाली, मसनवटा हे सगळं काढून झालं की सांगायचं, जिथे जायला मन कचरतं तिथे चिंचोका ठेवा. कुठे एक पडतो, कुठे मूठभर.

'तुमच्यावर अन्याय होतो का?' असं विचारू नका. त्याला 'नाही बा, आमचं गाव चांगलं आहे' हेच उत्तर मिळतं, कारण उद्या त्याच वावरात मजुरीला जायचं असतं. छोटं विचारा. टपरीवर गिलास कोण विसळते? नळाला पहिला नंबर कोणाचा, शेवटचा कोणाचा? पाइप तुमच्या टोकापर्यंत पोचतो तेव्हा मोटार चालू असते का? पाटलाकडच्या लग्नात पंगतीला बोलावतात की शिधा घरी पाठवतात? पोळ्याला तुमची बैलजोडी तोरणाखाली कितव्या नंबरावर असते? पावसात मयत झाली तर कुठल्या रस्त्याने नेता? यातल्या प्रत्येक प्रश्नाला ठोस उत्तर मिळतं आणि ते वहीत लिहिता येतं.

पुरुषांचा नकाशा वेगळा काढा. त्यात बहुतेक वेळा बँक, कृषी केंद्र आणि बसथांबा मोठा येतो. बायांच्या नकाशात नाली आणि अंधार असतो. वरच्या आळीतही काढा, हे टाळू नका. तिथे कदाचित एकही चिंचोका पडणार नाही. त्यावर भाष्य करायचं नाही, फक्त सगळे नकाशे मोठ्या कागदावर उतरवून ठेवायचे. हेच कागद जलशाच्या दिवशी शाळेच्या भिंतीवर शेजारी शेजारी लागतील. बाकी काम ते कागद करतात, भाषणाची गरज उरत नाही.

एक पथ्य: नकाशावर व्यक्तीचं नाव लिहायचं नाही. 'टपरी' लिहायचं, टपरीवाल्याचं नाव नाही.

एकच काम निवडा

नकाशातून दहा-पंधरा गोष्टी निघतील. त्यातलं एक निवडायचं आणि निवडताना तीन गोष्टी पाहायच्या: ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचं असावं, ग्रामपंचायतीच्या हातातलं असावं, आणि सहा महिन्यांत हललेलं दिसावं. जमिनीचा जुना वाद पहिल्या वर्षी घेऊ नका. तो खरा असतो, मोठाही असतो, पण नवख्या मंडळाचा त्यात चुरा होतो.

वस्तीचं नाव हा पहिल्या वर्षासाठी चांगला विषय. जातीवरून पडलेली वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली गेली. तरी कितीतरी गावांत आधार कार्डावर आणि विजेच्या बिलावर अजून जुनंच नाव छापून येतं. नाव बदलायला ग्रामसभेचा ठराव लागतो आणि प्रस्ताव पंचायत समितीमार्फत पुढे जातो. नवं नाव कोणतं हे त्या वस्तीने ठरवायचं, उरलेल्या गावाने नाही. यावरून वस्तीत दोन तट पडतात, पडू द्या, चार बैठका जास्त होतील.

पैशाचा प्रश्न उचलायचा असेल तर ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला १५ टक्के वाटा मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करायचा असतो, हे लक्षात ठेवा. तो कशावर गेला हे विचारणं साधं आहे आणि कायद्याला धरून आहे. पाठोपाठ स्मशानभूमीचा रस्ता आणि शेड, शेवटच्या नळाला मिळणारा वेळ, पारधी बेड्यावरच्या घरांची नमुना ८ ला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या वहीत नोंद, असे विषय येतात. बेडा गावात असेल तर त्यांचं काम पहिल्या वर्षीच घ्या असं मी म्हणेन. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, त्यांच्यावरचा तो शिक्का कागदावरून १९५२ मध्ये पुसला. तरी गावात कोंबडी चोरीला गेली की पोलीस आधी बेड्यावरच जातात. आणि खालच्या पुऱ्यातले आपले लोकही 'ते पारधीच असतील' म्हणायला कमी करत नाहीत. जलसा फक्त वरच्या आळीला आरसा दाखवायला असतो असं समजू नका.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने ग्रामसभेत बहुमताऐवजी सर्वसहमतीने ठरवायची सवय लावली. अभ्यासगट बसवून आधी विषय समजून घेतला, आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते गाव आलं. तुमच्या अकरा जणांनी काम निवडताना हीच सवय लावावी. सहा विरुद्ध पाच असा निकाल लागला तर ते पाच जण मंडप घालायला येत नाहीत.

तारीख आणि जागा

कपाशीच्या पट्ट्यात संक्रांतीनंतर ते होळीच्या आत. वेचणी उतरणीला लागलेली असते, हातात थोडा पैसा असतो, ऊन तापलेलं नसतं. धानाच्या पट्ट्यात मळणी आटोपल्यावर. तिथे त्याच दिवसांत मंडई म्हणजे जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि नाटकं असतात, आजूबाजूच्या गावांच्या तारखा पाहून घ्या. नाटकाच्या रात्री जलसा ठेवून कोणी येणार नाही, आणि येऊही नये. बाजाराचा दिवस टाळा, त्या संध्याकाळी निम्मे पुरुष ऐकायच्या स्थितीत नसतात.

जागा पहिल्या वर्षी शाळेचं पटांगण. विहारात ठेवला तर 'त्यांचा कार्यक्रम', देवळाच्या सभामंडपात ठेवला तर 'यांचा'. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीची लेखी परवानगी घ्या.

गाणं आणि गंमत

बाहेरून कलापथक आणायचा मोह होतो. एखादा चांगला शाहीर जरूर बोलवा, पण एकाच गाण्यापुरता. बाकी सगळं गावाच्या तोंडचं हवं. गावात भजनी मंडळ असतं, भीमगीतं म्हणणारी पोरं असतात, गोंडी गाणी येणारी म्हातारी असते, बंजारा बायांची लेंगी गाणी असतात. या मंडळींनी एकमेकांना गावात कधी नीट ऐकलेलं नसतं. त्यांना एका जागी बसवणं हे अर्धं काम.

गाणं बांधायला नवी चाल शोधू नका. खंजिरी भजनाची चाल सगळ्यांना येते, भुलाबाईच्या गाण्यांतली प्रश्न-उत्तरं सगळ्या बायांना येतात. नकाशाच्या वहीतली एक नोंद घ्या आणि ती मोठ्याने परत परत म्हणा, ताल आपोआप सापडतो. 'पाणी शेवटपर्यंत पोचत नाही' या नोंदीचं असं काहीतरी होतं:

नळ आला गावामंदी, पानी कोनाच्या दारी?
वरल्या आळीत हौद भरे, खाली रिकाम्या घागरी.
कोन फिरवते चावी रे भाऊ, कोन पाहाते वाट?
एकाच टाकीचं पानी मंग कायले येगळा पाट?

कविता म्हणून याला कोणी बक्षीस देणार नाही, द्यायचंही नाही. पण शेवटची ओळ दोन वेळा म्हटली की पोट्टे ती रस्त्याने म्हणत फिरतात, आणि चावी फिरवणाऱ्याला ती ऐकू येते.

गंमत बसवताना आपल्याकडची खडी गंमत आणि दंडार ही लोकनाट्यं डोळ्यांसमोर ठेवा. पडदा नको, देखावा नको, दोन-तीन पात्रं, ढोलकी आणि मोकळी जागा. पंधरा मिनिटांच्या वर नेऊ नका. चहाच्या टपरीवर दोन प्रकारचे गिलास, लग्नात शिधा घेऊन आलेला पोऱ्या, किंवा भाड्याने खोली शोधणारा आणि प्रत्येक दारात आडनाव सांगावं लागणारा कॉलेजचा मुलगा, असला एखादा प्रसंग. हसू यायलाच हवं. पण हसू कोणावर, याकडे डोळ्यांत तेल घालून पाहा. अडवणाऱ्याच्या अकडीवर हसायचं. ज्याला अडवलं त्याच्या बोलीवर, कपड्यांवर किंवा दारूवर नाही. गावातल्या खऱ्या माणसाची नक्कल करायची नाही, कितीही मागणी आली तरी.

गंमत मधेच थांबवायची. टपरीवाला दुसरा गिलास पुढे करतो, ढोलकी बंद होते, आणि सूत्रधार लोकांकडे वळतो: 'आता यानं काय करावं?' गाडगेबाबांचं कीर्तन असंच सवाल-जवाबाचं असायचं, समोरचा माणूस नुसता मान डोलवून सुटत नसे. कोणी म्हणेल चहा सांडून निघून जावं, कोणी म्हणेल पैसे देऊन गुपचूप प्यावा, एखादा म्हातारा म्हणेल, 'आमच्या काळी टपरीवर बसूच देत नव्हते.' प्रत्येक उत्तर पात्रांनी करून दाखवायचं आणि पुढे काय होतं ते पाहायचं. दोन-तीन उत्तरं झाली की पुरे. याच्या तालमी तीन तरी करा, कारण नवखी पोरं लोकांनी काही म्हटलं की बावचळतात.

आठवणींचा तास

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली, दोन दिवसांनी चंद्रपूरला. तेव्हा बैलगाडीने, पायी गेलेल्यांची पिढी आता संपत आली आहे. कोणी उरलं असेल, किंवा आईबापाकडून ऐकलेलं कोणी सांगत असेल, तर त्यांच्याकडे आधीच घरी जाऊन बसा, मोबाइलवर आवाज भरून घ्या, आणि विचारा की यातलं लोकांसमोर काय सांगू आणि काय नको. अपमानाची गोष्ट माइकवर सांगायला कोणालाही भरीस पाडू नका. पुढे आलेल्या माणसाला विहीर, वाट, शाळा, भाकर याबद्दल विचारा. गावातल्या इतर जातींतल्या म्हाताऱ्यांनाही तोच प्रश्न: 'तुमच्या लहानपणी या विहिरीवर कोण यायचं, कोण नाही?' खरं बोलणारी म्हातारी माणसं प्रत्येक आळीत असतात. त्यांना आजवर कोणी विचारलेलं नसतं, एवढंच.

दवंडी, डफडं, झाडू, चूल

जलसा इथे खरा उतरतो किंवा फसतो, म्हणून इथे वेळ घालवा. कामं 'ज्याला जे येतं ते' या हिशोबाने वाटली की जुनी जातच नवा बॅज लावून येते. दवंडी कोणी द्यायची, डफडं कोणी वाजवायचं, उष्टं कोणी उचलायचं, हे गावाने पिढ्यान्‌पिढ्या ठरवून ठेवलेलं आहे.

म्हणून कामाच्या चिठ्ठ्या टाका, आणि त्या जोडीने. दवंडी पाटील घरातल्या पोराच्या नावाने निघाली तर त्यानेच द्यायची. डफडं वाजवणाऱ्या घराला विचारा. ज्याने आयुष्यभर लग्नात बाहेर उभं राहून वाजवलं, त्याला या दिवशी नुसतं बसून ऐकायचं असेल. आणि वाजवायचंच असेल तर तो कलाकार: स्टेजवर, नाव पुकारून, बाकीच्यांइतकंच मानधन घेऊन. सकाळच्या श्रमदानात पहिला झाडू ज्यांनी सार्वजनिक जागेत कधी धरला नाही त्यांच्या हातात. फोटोपुरता नाही, नाली निघेपर्यंत.

जेवणाला वऱ्हाडात रोडगे (गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे), वरण आणि वांग्याची भाजी. शंभर पानांना साधारण पंचवीस किलो कणीक, आठ किलो तुरीची डाळ, पंधरा किलो वांगी धरा. गोवऱ्या आठ दिवस आधी घरोघरून गोळा करा. पूर्व विदर्भात भात, वरण, भाजी सोपी पडते. लोक म्हणतात 'आम्ही सगळे एकत्र जेवतो, आमच्यात भेद नाही.' प्रश्न एकत्र जेवायचा नसतो. एका पंगतीत आता बरेच बसतात. प्रश्न कणीक कोणाच्या हाताने भिजली हा असतो. परातीभोवती चार बाया चार पुऱ्यांच्या बसवा, आणि वाढायलाही तसेच जोड. पहिला रोडगा फोडताना कोणाकोणाचे हात थांबतात ते तुम्हाला दिसेल. दलित घरी येऊन जेवण्याचा आणि फोटो काढून जाण्याचा जो प्रकार पुढारी करतात, त्यात पाहुण्यासाठी कधीकधी भांडीसुद्धा नवीन आणलेली असतात. तसलं काही करू नका. भांडी भाड्याने देणाऱ्या बिछायत केंद्रातून आणा, म्हणजे 'कोणाची भांडी' हा वादच राहत नाही.

पुरुषांनीही भांडी घासायची. हे लिहून ठेवा, नाहीतर समतेच्या दिवशीही बायाच रात्री अकरापर्यंत राखेने पातेली घासत बसतात.

पैसा आणि परवानग्या

धान्य घरोघरून घ्या, ज्याच्याकडून जे येईल ते, मूठभरही चालेल. आमदार, ठेकेदार यांच्या पैशाला नम्रपणे नाही म्हणा, नाहीतर बॅनरवर त्यांचा चेहरा आणि तुमचा विषय कोपऱ्यात. जमाखर्च फळ्यावर लिहा आणि फळा आठ दिवस ग्रामपंचायतीसमोर ठेवा. पोलीस ठाण्यात आधी अर्ज द्या, पोच घ्या, भोंग्याची परवानगी वेगळी मागा. रात्री दहानंतर भोंगा बंद, म्हणून सहाला सुरू करून साडेनऊला संपवायचं गणित ठेवा. वीज रीतसर घ्या, आकडा टाकू नका. विरोध करणाऱ्याला तेवढंच निमित्त पुरतं.

संध्याकाळ कशी चालते

हार नाहीत, सत्कार नाहीत, प्रमुख पाहुणा नाही. सुरुवात संविधानाच्या उद्देशिकेने, एका मुलीने आणि एका म्हाताऱ्याने आळीपाळीने वाचून. मग भजन आणि भीमगीत पाठोपाठ. मग नकाशे: प्रत्येक पुऱ्यातल्या एका बाईने आपल्या कागदाजवळ उभं राहून दोन मिनिटं बोलायचं. मग आठवणी, मग गंमत. गंमत संपली की लगेच काम मांडायचं, कारण लोक तेव्हा जागे असतात. जेवणावर हा भाग ढकलू नका. काम सांगणारा माणूस ज्याच्या वस्तीचं ते काम नाही असा असावा: स्मशानाचा रस्ता बौद्ध वस्तीला हवा असेल तर तो कुणबी किंवा तेली आळीतल्या मुलीने मांडावा. मग हात वर करून नाही, तर कागदावर सह्या आणि अंगठे. तिथेच पाच माणसं पाठपुराव्यासाठी, नावं माइकवर वाचून. मग रोडगे.

अडलं तर

टोमणे येतील, दुकानदार उधारी बंद करेल, 'उद्यापासून कामाला येऊ नको' असं कोणी म्हणेल. हे शेवटचं साधं नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसावर किंवा कुटुंबावर सामाजिक अथवा आर्थिक बहिष्कार टाकणं, तशी धमकी देणं, विहीर, स्मशान, रस्ता वापरू न देणं, वरात अडवणं, हे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीपासून स्पष्ट गुन्हे आहेत. स्वतःच्याच जातपंचायतीने वाळीत टाकलं तर राज्याचा २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा लागतो, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

धमकी आली की त्याच रात्री लिहा: तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, कोण हजर होतं. अत्याचार कायद्याखाली गुन्हा नोंदवायला आधी चौकशीची गरज नाही. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा, साठ दिवसांत. ठाण्यात घेतलं नाही तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा. राष्ट्रीय मदत क्रमांक १४५६६. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती असते, तिने दर तिमाहीत बसायचं असतं. तिलाही प्रत द्या. खैरलांजीत २००६ साली एका कुटुंबातली चार माणसं मारली गेली, तेही आपल्याच भंडारा जिल्ह्यात. म्हणून धमकीला 'गावातलंच आहे, मिटवून घेऊ' म्हणू नका. मंडळातल्या दोघांनी ही कागदपत्रं सांभाळायची आणि एका वकिलाशी जलशाच्या आधीच बोलून ठेवायचं.

ग्रामसभा

सह्यांचा कागद हा ठराव नाही. तो ग्रामसभेत नेल्याशिवाय त्याला सरकारी अर्थ नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या नेहमीच्या ग्रामसभा. जलसा फेब्रुवारीत झाला तर १ मे पकडा. विषय कार्यसूचीत घ्यावा म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) लेखी अर्ज आधीच द्या आणि पोच घ्या, 'ऐनवेळच्या विषयात घेऊ' हे मान्य करू नका. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल ती. तुमचा जलसा बरा झाला असेल तर एवढी माणसं तुमच्याच यादीत आहेत. त्याआधीच्या महिला सभेत तोच ठराव करून घ्या. तिथे झालेला ठराव मोठ्या सभेत खोडणं अवघड जातं. सभेत ठराव वहीत लिहिला जाईपर्यंत उठू नका, सूचक-अनुमोदकाची नावं वाचून दाखवायला सांगा आणि नक्कल मागा.

नक्कल मिळाली नाही, किंवा ठराव होऊनही काही हललं नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत, नंतर पहिलं अपील. एकाच्या नावाने न टाकता चार पुऱ्यांतल्या चौघांनी चार अर्ज टाका, म्हणजे एकावर दबाव येत नाही. पाचजणांनी महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, पंचायत समितीत जाऊन यायचं आणि काय उत्तर मिळालं ते ग्रामपंचायतीसमोरच्या फळ्यावर लिहायचं.

पुढच्या वर्षीचा जलसा दुसऱ्या पुऱ्यात घ्या, आणि उद्देशिका वाचून झाली की पहिला विषय मागच्या ठरावाचा हिशेब ठेवा: रस्ता झाला का, किती झाला, अडला असेल तर कोणत्या टेबलावर.